साडेआठचा उंचवटा

पडले. त्यात विशेष काही नाही. अडुसष्ट वर्षांची बाई पडते, आणि इकडे उत्तरेला, असाहिकावात, जानेवारीत तर अख्खं गाव पडत असतं. शाळेतली पोरं पडतात, पोस्टमन पडतो, लग्नाला निघालेली मंडळी नटूनथटून पडतात आणि उठून एकमेकांना हसतात. पण ती सगळी रस्त्यात पडतात. मी घरात, बर्फावरून पडले. न्हाणीच्या बाहेर कपडे बदलायची एवढीशी खोली, तिथे बेसिन आणि वॉशिंग मशीन, आणि तिथल्या जमिनीवर रात्रीतून पाण्याचा पातळ पापुद्रा गोठलेला. स्वतःच्या घरात, छपराखाली बर्फ! आधी आवाज ऐकला, कुणीतरी तांदळाचं पोतं टाकावं तसा, आणि मग कळलं की पोतं म्हणजे आपणच. उजव्या खुब्यातून एक कळ निघाली ती पार दातांपर्यंत गेली. डोळे उघडले तेव्हा दाराच्या वरच्या विजेच्या पेटीवरचा हिरवा दिवा माझ्याकडे बघत लुकलुकत होता. त्याच वेळी पुढच्या खोलीत टायमर ‘टक्’ वाजला, तेलाच्या हीटरचं पत्र्याचं अंग तापायला लागून करकरलं, म्हणजे सहा वाजले. मी थंड जमिनीवर आडवी, आणि माझं घर उठून कामाला लागलेलं.

काही वेळानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन किणकिणला. बघायची गरज नव्हती. तो रोजचा निरोप असतो, लेकाचा, तिकडे तोक्योजवळच्या साइतामाहून, आगगाडीत बसल्या बसल्या लिहिलेला. ‘आई, उठलीस वाटतं. छान. ऊब घेत राहा.’ खाली एक हसणारं अस्वल. रोज तेच अस्वल. यासुनोरी म्हणजे माझा नोरी, वय त्रेचाळीस, दोन मुलींचा बाप, आणि त्याला वाटतंय की आई उठली, आईनं हीटर लावला, आई चहा पीत असेल. हसू आलं मला, खरंच आलं, पण हसताना खुबा हलला आणि ते हसू तिथेच आटोपलं. उठायचा प्रयत्न करून पाहिला. डावा हात टेकला, उजवा पाय ओढला, आणि पाय म्हणाला, मी नाही येत. दुसऱ्यांदा केला तेव्हा डोळ्यांपुढे काळोखी आली. तिसऱ्यांदा नाही केला. कपड्यांची टोपली हाताला लागली, ती उलटी केली आणि त्यातले टॉवेल, चादर, मोरिओचा जुना लोकरी स्वेटर, सगळं अंगावर ओढून घेतलं. मोरिओ म्हणजे माझा नवरा. जाऊन सहा वर्षं झाली, पण स्वेटर मी वापरते. धुवायला काढला होता, बरं झालं अजून धुतला नव्हता.

ही धुण्याची घाईच नडली. रात्रीची वीज स्वस्त, सकाळी सातनंतर महाग, म्हणून धुणं सातच्या आत लावायचं ही आमच्या गल्लीतली जुनी रीत. पहाटे कानोसा घेतला तर चार घरांतली मशिनं एकदम घरघरताना ऐकू येतात. आणि बर्फ कुठून आला, तर तोही माझ्याच शहाणपणातून. इकडे नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना विजेची पट्टी गुंडाळलेली असते, ती थंडीभर हळूहळू वीज खात बसते. ती मी डिसेंबरातच काढून ठेवली. रोज रात्री झोपताना पाइपांतलं सगळं पाणी खाली सोडून द्यायचं, सकाळी परत चढवायचं. माझी सासू तेच करायची, तेव्हा पट्ट्या कुठे होत्या? पण सासूच्या जुन्या घरात न्हाणीशीसुद्धा शेगडी पेटलेली असायची हे मी सोयीस्कर विसरले. नळातून चार थेंब गळले आणि त्यांनी रात्रीतून आपलं काम केलं. अति तिथे माती म्हणतात, माझ्याकडे अति तिथे बर्फ.

तसं हे घर थंडीला भ्यायलेलं नव्हतं कधी. मोरिओनं बांधलं तेव्हा सगळं विजेवर करून घेतलं. भिंतीशी विटांनी भरलेले मोठे हीटर, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापायचे आणि दिवसभर ऊब सोडायचे. ‘बघ मित्सुए,’ म्हणायचा, ‘लोक रॉकेलचे डबे वाहतायत आणि आपण राजासारखे.’ बनियन घालून बसायचा बाहेर वजा वीस असताना, आणि आइसक्रीम खायचा. मला लाज वाटायची, कारण मी दिवसभर लोकांच्या घरांचे मीटर वाचत हिंडायचे आणि मला ठाऊक होतं की सगळी घरं राजासारखी नसतात. मग तो गेला, आणि तीन हिवाळ्यांपूर्वी विजेचे दर असे चढले की जानेवारीचं बिल पाहून मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. माझ्या महिन्याच्या पेन्शनीच्या निम्म्याहून जास्त. विटांचे हीटर तेव्हापासून बंद. आता मी एका खोलीत, कोतात्सुत पाय घालून बसते; टेबलाखाली छोटा हीटर, वरून रजई, कमरेखाली उन्हाळा आणि कमरेवर सैबेरिया. घरात टोपी घालते. त्यात दुःख असं काही नाही हो, सवय होते. दुपारी मोठ्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसते, तिथे फुकटची ऊब असते आणि माझ्यासारखी पाचसहा जणं असतात. आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, पण कशाला आलो ते कुणी बोलत नाही. सगळे कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे बसतो.

मागच्या हिवाळ्यात नोरी नववर्षाला आला आणि घरात पाऊल टाकल्यावर कोट काढेचना. ‘आई, तोंडातून वाफ निघतेय.’ मी म्हटलं, ‘मग काय झालं, जिवंत आहेस म्हणून निघतेय.’ नाही हसला. त्याची बायको चिसातो मोठी गोड आहे, तिनं हळूच मुलींना कोट घालून ठेवायला सांगितलं, ते मला जास्त लागलं. दोन दिवसांनी तो दुकानातून ही हिरव्या दिव्याची पेटी घेऊन आला आणि स्टुलावर चढून विजेच्या फळीवर बसवली. घरात किती वीज चाललीय ते म्हणे सारखं त्याच्या फोनवर दिसणार, रेघेसारखं, वरखाली. म्हाताऱ्या आईबापांसाठी खास निघालंय. ‘म्हणजे तू माझा मीटर वाचणार?’ मी विचारलं. ‘एकतीस वर्षं मी लोकांचे वाचले, आता पोटचा पोरगा माझा वाचणार!’ तो म्हणाला, ‘आई, तू फोनवर नेहमी म्हणतेस छान ऊब आहे. मला खरं कळायला दुसरा मार्ग काय?’ आणि मग, तोंड फिरवून, पेचकस डब्यात ठेवता ठेवता, ‘रेघ अशीच सपाट राहिली तर मी तुला घेऊन जाणार. बिल मी भरतो म्हटलं तर तू भरू देत नाहीस. मग माझ्याकडे चल. नववा मजला आहे, उबदार आहे.’ बिल त्याला कसं भरू देऊ? दोन पोरींच्या फिया, घराचा हप्ता. आणि नववा मजला! तिथे मी काय करणार, खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजणार? इथे मी बर्फ लोटते. इथे मोरिओचा फोटो ठेवलेला देव्हारा आहे, अंगणात प्लमचं झाड आहे, इथल्या प्रत्येक गल्लीतला प्रत्येक मीटर कुठे लावलाय ते मला पाठ आहे. माणसाला आपली अशी एक जागा असते. मी ठरवलं की जायचं नाही, आणि त्यासाठी रेघ सपाट ठेवायची नाही.

बाकी कुणाला जमलं नसतं ते. पण मीटर वाचणारीला जिवंत घराचा आकडा कसा असतो ते नाही कळणार तर कुणाला? कॅलेंडरच्या पाठीवर मी चक्क काढलं. सकाळी सहाला छोटी टेकडी, माणूस उठलं. साडेआठला दुसरा उंचवटा, न्याहारी, आवराआवर. दुपारी उतार. संध्याकाळी मोठा डोंगर. कमीत कमी विजेत जास्तीत जास्त माणूस कसं दाखवायचं, असं ते गणित. दोन टायमर आणले. पुढच्या, देव्हाऱ्याच्या खोलीत तेलाचा जड हीटर आहे, चाक मोडलेला, हलत नाही. त्याला एक टायमर, सहाला वीस मिनिटं, साडेआठला वीस मिनिटं. दुसरा पाणी तापवायच्या पॉटला. संध्याकाळचा डोंगर मी स्वतः इस्त्री करून उभा करायचे. माझे नॅपकिनसुद्धा कडक इस्त्रीचे आहेत. म्हणजे बघा, मेलेला नवरा फोटोत ऊब खातोय आणि जिवंत बायको टोपी घालून दुसऱ्या खोलीत. आणि नोरी खूष! ‘आई, या वर्षी तू शहाणी झालीस.’ मी म्हटलं, ‘अरे, छान ऊब आहे.’ फोन ठेवल्यावर थोडं वाईट वाटलं. थोडंच. मला माझ्या हुशारीचं कौतुकच जास्त होतं.

आणि आता त्या हुशारीखाली मी पडले होते. हिरवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे सगळं ठीक आहे असं साइतामाला सांगतोय. दुपारी उतार दिसेल, तो रोजच असतो. संध्याकाळी डोंगर नसेल, तर नोरी म्हणेल आज आईनं इस्त्रीला, नाही, स्वयंपाकाला सुट्टी दिली, लवकर झोपली. आणि उद्या सकाळी सहाला टक्. टेकडी. ‘आई, उठलीस वाटतं.’ अस्वल. परवा सहाला टक्. हे माझ्या डोक्यात आलं, आणि त्यामागून जे यायला नको होतं ते आलं. इगाराशीसान आले.

नदीकाठच्या लाकडी चाळीत राहायचे. लाकूडकापीच्या गिरणीतून निवृत्त, एकटे, डाव्या हाताची दोन बोटं गिरणीनं ठेवून घेतलेली. दर महिन्याला मी बर्फ तुडवत मागच्या भिंतीशी मीटरपाशी गेले की खिडकीची फट उघडायची आणि आतून आवाज यायचा, ‘काय म्हणतोय आकडा, पोरी?’ मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, पण त्यांची पोरीच. ‘गेल्या महिन्यापेक्षा कमी आहे, इगाराशीसान.’ ‘शाब्बास रे पठ्ठ्या!’ हे स्वतःला. मी म्हणायचे, ‘अहो, थंडी नाही वाजत?’ ‘थंडी? छे! थंडी तोक्योच्या लोकांना वाजते.’ आणि फट बंद. त्यांच्या मीटरची चकती इतकी हळू फिरायची की तिच्यावरची काळी खूण समोर यायची वाट बघताना माझे पाय गारठायचे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मी गेले आणि पाहिलं तर चकती गरागरा फिरतेय. मला इतका आनंद झाला! शेवटी लावला म्हाताऱ्यानं हीटर, म्हटलं, आली अक्कल. खिडकी उघडली नाही. उबेला झोप लागली असेल. आकडा लिहिला, चिठ्ठी पुढच्या दारच्या पेटीत टाकायला गेले. पेटीत जानेवारीची चिठ्ठी तशीच होती. दारापुढचा बर्फ गुडघ्याएवढा, एकही पाऊल नाही. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं, मोरिओलासुद्धा, पण मी पाहिलं. पाहिलं आणि चकतीवर विश्वास ठेवला. आत माणूस आहे, वीज वापरतोय, दार वाजवून कशाला उगाच त्रास द्यायचा? जानेवारीच्या चिठ्ठीवर फेब्रुवारीची ठेवली, दोन्ही बोटानं आत ढकलल्या, पेटीचं झाकण लावलं.

मार्चमध्ये चाळीच्या मालकानं दार उघडलं. हीटर चालू होता, विजेचं पांघरूण चालू होतं. बरं वाटत नव्हतं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सगळं लावून निजले असतील, आणि ते सगळं त्यांच्यामागे महिनाभर राबत राहिलं. आमचे साहेब मला वेगळं बोलावून म्हणाले, ‘नुनोकावासान, मनाला लावून घेऊ नका. तुमचा आकडा बरोबर होता.’ हो ना, होता. एकतीस वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही, त्याबद्दल मला घड्याळ मिळालंय, टोले देणारं, ते देव्हाऱ्याच्या खोलीत आहे. तासाला ते मला माझा बरोबर आकडा आठवून देतं.

आत्ता त्यानं आठ टोले दिले. दोन तास. बोटं लाकडासारखी झाली होती, थरथर मघाशी फार होती ती आता कमी झालेली, आणि हे चांगलं लक्षण नाही एवढं इथल्या कुणालाही कळतं. झोप येत होती. झोपायचं नाही म्हणून मी गल्ल्यांची नावं घेत मीटर आठवत होते, कुणाचा गॅरेजमागे, कुणाचा कुत्र्याच्या घरावर. तेवढ्यात बाहेर बर्फावर पावलं वाजली. करकर, करकर, छोटी पावलं, एक जरा घासत. ओरिकासासान! शेजारीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गुडघा धरलेली. आज गल्लीच्या सूचनांची फळी फिरायचा दिवस. वाचायचं, आपला शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. दारापुढच्या काचेच्या खोलीचं दार सरकलं. माझ्यापासून तीन हातांवर, मध्ये एक भिंत. खुब्यातली कळच विसरले.

‘नुनोकावासान, फळी अडकवते हं!’ ती ओरडली. ‘आज वीज जपून वापरा म्हणून लिहिलंय, हे एक बरंय, दर त्यांनी वाढवायचे आणि जपायचं आपण!’

आणि मी, इतक्या वेळानं कुणी माणूस आल्यावर, छाती भरून, आवाज खणखणीत काढून ओरडले, ‘हो हो! उगाच तसदी झाली तुम्हाला, एवढ्या थंडीत!’

‘छे, तसदी कसली! सांभाळून राहा!’

‘तुम्हीही सांभाळा!’

दार सरकलं. करकर, करकर. गेली.

मी तोंड उघडं टाकून पडून राहिले. काय बोलले मी हे? माझ्या तोंडानं कुणाला विचारून बोललं? खुबा मोडलाय, जीव चाललाय, आणि बाई म्हणतात तसदी झाली! इतकी चीड आली स्वतःची की हाताची मूठ जमिनीवर मारली. मग हाका मारल्या, ‘ओरिकासासान! अहो! थांबा!’ पण आता आवाज फाटला, कुजबुजीसारखा निघाला. मघाचा खणखणीत आवाज त्या ‘हो हो’तच संपला होता. आयुष्यभर तेच शिकवलं गेलं मला, मीही नोरीला तेच शिकवलं: लोकांना त्रास द्यायचा नाही. इगाराशीसानना कुणी शिकवलं असेल? त्यांनीही हाक मारली असेल का भिंतीतून, की मी मीटरपाशी उभी असताना तेही आतून म्हणाले असतील, काही नाही पोरी, छान ऊब आहे? नाही, तेव्हा ते बोलण्यापलीकडे गेले होते. पण मला आता रडू आलं ते त्यांचंच. बावीस वर्षांनी आलं. म्हाताऱ्या, मला माफ कर रे, मी बर्फ पाहिला होता.

रडताना हात हलला आणि बोटांत वायर आली. बेसिनच्या कडेवरून लोंबणारी, ड्रायरची. ओढली तर ड्रायर अंगावर पडला. वायर तशीच प्लगला लावलेली. अंगठ्यानं बटण सरकवलं आणि गरम वारा! अहाहा! तो स्वेटरच्या आत घातला, पोटाशी धरला, मानेपाशी धरला. तीन हिवाळ्यांत एवढी ऊब अंगाला लागली नव्हती. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, नाही तर तो तापून आपोआप थांबतो. बोटं ठणकायला लागली, म्हणजे जिवंत झाली. वर हिरवा दिवा लुकलुकत होता. नोरीला दिसत असेल रेघ चढलेली, म्हणत असेल आई केस वाळवतेय. आणि तेव्हा, बोटांबरोबर डोकंही वितळल्यासारखं, मला आठवलं की साडेआठला हीटर लागणार आहे.

सांगते. पैसे वाचवायला मी गेल्या वर्षी घराची वीज कमी करून घेतली, चाळीसऐवजी वीस अँपिअर. तेव्हापासून माझ्या घरात एक नियम आहे, हीटर चालू असताना ड्रायर लावायचा नाही. लावला की फळीवरचा खटका पडतो आणि सगळं घर बंद. दोनदा पडलाय. आणि डिसेंबरात वादळात गल्लीची वीज गेली तेव्हा ही हिरव्या दिव्याची पेटी मुकी झाली, तर पाच मिनिटांत नोरीचा फोन, मी मेणबत्ती शोधतेय तोवर यानं ओरिकासासानना फोन करून त्या बिचारीला बर्फातून माझ्या दारी धाडलं. मीटरच्या पेटीवर जादा किल्ली असते तेसुद्धा तिला सांगून टाकलं. किती झापलं होतं मी त्याला! ‘लोकांना हकनाक त्रास! मी काय मेले होते?’ तो म्हणाला होता, ‘आई, रेघ बंद झाली की मला दुसरं काही सुचत नाही गं.’

म्हणजे ड्रायर चालू ठेवायचा आणि साडेआठची वाट बघायची, बस्स. इतकं सोपं. पण अंगठा बटणावर ठेवून मी पडले होते, आणि खोटं कशाला बोलू, मन कचरत होतं. खटका पडला की सगळंच बाहेर येणार. टायमर, कॅलेंडरच्या पाठीवरचे डोंगर, गोठलेली जमीन. नोरी येईल, तापमान बघेल, काही बोलणार नाही, तेच तर वाईट. मग नववा मजला. प्लमला फुलं येतील तेव्हा मी नसेन. जरा ऊब घेतली तर उठताही येईल कदाचित, असं एक मन म्हणत होतं. ड्रायर तर आहे, दुपारपर्यंत काढता येईल, काहीतरी होईल, कशाला पोराला कामावरून... मी उठायचा प्रयत्न केला. पाय म्हणाला, अजूनही नाही. देव्हाऱ्याच्या खोलीत घड्याळानं साडेआठचा एक टोला दिला. टायमर नेहमी दोनतीन मिनिटं मागे असतो. मी वर हिरव्या दिव्याकडे पाहिलं. किती निमूट खोटं बोलत होता तो माझ्यासाठी, अगदी मी शिकवलं तसं. त्या चकतीसारखाच. बाहेर कुणी उभं असेल, आनंदानं म्हणत असेल, आली आईला अक्कल, ऊब घेतेय. नोरी, बाळा, तुला मी चुकीचंच शिकवलं रे. अंगठा बटणावर दाबून धरला. गरम वारा गळ्यापाशी भणभणत होता आणि मी मोठ्यानं आकडे मोजत होते, सवयीनं. चौऱ्याण्णवला पुढच्या खोलीत टक् झालं.

खटका पडला. ड्रायर हातात मेला. हिरवा दिवा विझला. स्वयंपाकघरातल्या फ्रीजनं एक उसासा टाकला आणि तोही गप्प झाला. घराला इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. थंडी लगेच परत आली, गळ्यापासून खाली, आणि आता तिला अडवायला माझ्याकडे मोरिओच्या स्वेटरशिवाय काही नव्हतं. पुन्हा मोजायला लागले. दोनशे. तीनशे. आगगाडीतून उतरून कामाला लागला असेल. फोन खिशात असेल. साहेबांसमोर बसला असेल. चारशे. इगाराशीसान, काय म्हणतोय आकडा? पाचशे वीसला टेबलावरचा फोन वाजायला लागला. निरोपाची किणकिण नव्हे, खरी घंटा. वाजत राहिला, थांबला, परत वाजला. परत. चौथ्यांदा वाजायचा थांबला आणि मग बराच वेळ काहीच नाही, आणि मी मोजायचंही विसरले.

मग बर्फावर पावलं. छोटी, एक घासत, पण आता जवळजवळ पळत. काचेचं दार आपटलं. मीटरच्या पेटीवर हात चाचपडल्याचा आवाज, किल्ली खाली पडली, परत उचलली.

‘नुनोकावासान! नोरीचा फोन आला होता! बऱ्या आहात ना हो?’

‘हो हो’ जिभेवर आलंच होतं. उगाच तसदी, हेही त्याच्या मागे तयार उभं होतं. दात आवळून दोन्ही गिळलं.

‘नाही!’ मी ओरडले. ‘नाही हो, बरी नाहीये! थंडी वाजतेय मला! केव्हाची थंडी वाजतेय!’